युवा शिबिरातून काढलेला तो तास परत ठेवा: मराठी मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

या उन्हाळ्यातल्या युवा शिबिराची अंतिम कार्यक्रमपत्रिका सभासदांच्या हाती आली आहे. मसुद्यात असलेला एक तास तिच्यात नाही. मिसिसिपी विद्यापीठाच्या लॉ स्कूलचं दार कृष्णवर्णीयांना कसं उघडलं, तिथल्या डीननी त्यात काय केलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे मुलांना सांगण्यासाठी तो तास होता. दुसऱ्या दिवशी मुलांना ऑक्सफर्डला, म्हणजे मिसिसिपीतल्या त्या विद्यापीठाच्या गावी, नेऊन तो परिसर दाखवायचा असंही ठरलं होतं. दोन्ही गोष्टी आपण काढून टाकल्यात. मी विचारणा केल्यावर दोन कारणं कळवण्यात आली: आपल्या मुलांशी या विषयाचा थेट संबंध नाही, आणि तो राजकीय आहे.

त्याच पत्रिकेत 'कॉलेज प्रवेशाची पूर्वतयारी' हा वर्ग मात्र कायम आहे, आणि सल्लागारही तेच आहेत. गेल्या शिबिरात मी त्या वर्गात मागच्या रांगेत बसले होते. नववी-दहावीच्या मुलांना तिथे सांगण्यात आलं की इतकी वर्षं तुमच्या हक्काच्या जागा दुसऱ्यांना वाटल्या जात होत्या, आणि कॉलेज प्रवेशात वंश विचारात घेणं बेकायदा ठरवणाऱ्या २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर त्या आता तुम्हाला परत मिळतील. 'दुसरे' म्हणजे कोण, हे मुलांना बरोबर कळलं. खोलीत कार्यकारिणीचे सदस्य होते, पालक होते. कुणी हरकत घेतली नाही. मी घेतली, तेव्हा वेळ संपल्याचं सांगण्यात आलं.

मी आधी खासगीत लिहिलं. आता उघडपणे लिहिते आहे, कारण दुसऱ्या शहरांतल्या मराठी मैत्रिणींशी बोलल्यावर कळलं की त्यांच्याकडेही हेच चाललं आहे. प्रवेशाच्या स्पर्धेबद्दल तासन्‌तास बोलायचं, पण ती दारं उघडली कुणी, यावर एक वाक्य नाही. म्हणून हे पत्र आपल्यासाठी आहे, तसंच उत्तर अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी मंडळासाठी आहे.

यात माझा संबंध काय, ते सांगते. मी मूळची नागपूरची, एलएल.बी. तिथलीच. लग्नानंतर मिसिसिपीला लागून असलेल्या मेम्फिसला आले. मुलं शाळेत रुळल्यावर, चाळिशीच्या उंबरठ्यावर, इथल्या लॉ स्कूलमध्ये पुन्हा पहिल्या वर्षापासून शिकले. आज उत्तर मिसिसिपीत घरभाडं, पोटगी, अपंगांचे भत्ते अशा प्रकरणांत गरिबांच्या वतीनं उभी राहते. मला पहिली नोकरी दिली ती एका कृष्णवर्णीय वकीलबाईंनी. माझे उच्चार ज्युरीला कळतील का, अशी शंका इतर कचेऱ्यांत काढली गेली होती. बाईंनी ती काढली नाही. साक्षीदार म्हातारा असेल तर प्रश्न किती लहान करायचा, न्यायाधीशांसमोर जाण्याआधी कोर्टाच्या क्लार्कशी कसं बोलायचं, ज्युरीतला कोण ऐकतोय आणि कोण नुसता बघतोय हे कसं ओळखायचं, हे सगळं त्यांनी हाताला धरून शिकवलं. त्यांच्या आईवडिलांच्या पिढीला मिसिसिपीच्या लॉ स्कूलमध्ये पाऊल ठेवायची परवानगी नव्हती. माझ्या पोटापाण्याचा धंदा त्या दारातून आला आहे. म्हणून हा विषय 'आपला नाही' असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही.

आपल्या पहिल्या कारणापासून सुरुवात करते: संबंध नाही.

मिसिसिपीच्या डेल्टात रोझडेल नावाचं गाव आहे. तिथे लम आडनावाच्या एका चिनी कुटुंबाचं किराणा दुकान होतं. १९२४ साली त्यांच्या मुलींना गावातल्या गोऱ्यांच्या शाळेतून घरी पाठवण्यात आलं. वडील कोर्टात गेले. १९२७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं निकाल दिला की मार्था लम गोरी नाही, तेव्हा राज्यानं तिला 'रंगीत' मुलांच्या शाळेत घातलं तर त्यात राज्यघटनेचा भंग नाही. या निकालापुरती मार्था चिनी होती. तिच्या जागी कुणी देशपांडे किंवा कांबळे असती तरी निकाल हाच लागला असता. त्याआधी चारच वर्षं, १९२३ मध्ये, याच कोर्टानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणूस 'गोरा' नाही म्हणून अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, असं ठरवलं होतं. पुढे १९४६ साली कायदा बदलला, तेव्हा भारतातून वर्षाला किती जणांनी यायचं? शंभर. सबंध हिंदुस्थानातून शंभर.

हे शंभराचं कुंपण १९६५ च्या कायद्यानं पडलं. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी त्यावर सही केली. नागरी हक्कांचा कायदा १९६४ चा, मतदान हक्काचा १९६५ च्या ऑगस्टचा, आणि हा लगेच दोन महिन्यांनी. जन्मावरून माणसाची प्रत ठरवायची नाही, हे या देशाला ज्या चळवळीनं मान्य करायला लावलं, तिच्याच रेट्यात आपल्या व्हिसाचा मार्ग मोकळा झाला. आपल्या मंडळाचे संस्थापक सभासद सत्तरच्या दशकात इथे आले ते याच कायद्याखाली. ज्यांच्या मोर्च्यांमुळे आपल्याला या देशात घर मिळालं, त्यांच्या इतिहासाशी आपल्या मुलांचा संबंध नाही, असं मंडळाच्या अधिकृत पत्रात लिहिलं जातं. मला हे मान्य नाही.

दुसरं कारण राजकीय असल्याचं. त्या तासात मी काय सांगणार होते, तेच इथे लिहिते. यात राजकारण कुठे आहे, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

१९५४ च्या जानेवारीत मेडगर एव्हर्स नावाच्या तरुणानं मिसिसिपी विद्यापीठाच्या लॉ स्कूलसाठी अर्ज केला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढून आलेला, अल्कॉर्न कॉलेजचा पदवीधर, माऊंड बायू गावात विमा विकणारा माणूस. त्याला मुलाखतीला बोलावलं ते राज्याच्या ॲटर्नी जनरलनं, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलानं. लॉ स्कूलच्या एका अर्जासाठी! राहणार कुठे, असं विचारल्यावर त्यानं वसतिगृहातच राहणार असं सांगितलं, आणि वर म्हणाला की मी रोज आंघोळ करतो, स्वच्छ कपडे घालतो, माझ्या कातडीचा रंग कुणाला लागणार नाही. त्याची पत्नी मर्ली यांनी हे नंतर लिहून ठेवलं. मुलांना हा प्रसंग सांगितल्यावर त्यांच्या आजीआजोबांपैकी कुणाला तरी पाणवठ्याची आठवण होईल, आणि घरी त्यावर बोलणं होईल, अशी माझी अपेक्षा होती.

एव्हर्सचा अर्ज फेटाळला. कारण काय, तर शिफारसपत्रं नियमात बसत नाहीत. मग नियमच असा केला की अर्जदारानं विद्यापीठाच्या पाच माजी विद्यार्थ्यांची शिफारस आणावी. विद्यापीठात तोवर एकही कृष्णवर्णीय माणूस उघडपणे शिकलेला नव्हता, आणि गोरा माजी विद्यार्थी सही देणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. कागदावर त्या नियमात रंगाचा उल्लेखही नाही. १९६१ साली जेम्स मेरेडिथनं पदवीसाठी अर्ज करताना सरळ लिहिलं की मी निग्रो आहे, आपला एकही माजी विद्यार्थी माझ्या ओळखीचा नाही, तेव्हा मला ओळखणाऱ्या पाच कृष्णवर्णीयांची पत्रं जोडतो. पुढच्या जानेवारीत अपील कोर्टानं ती अट घटनाबाह्य ठरवली.

हे सगळं चालू असताना लॉ स्कूलचे डीन होते रॉबर्ट फार्ली. १९४६ पासून त्या खुर्चीत. राज्य सरकार, विधिमंडळ, वर्तमानपत्रं, सिटिझन्स कौन्सिल नावाच्या प्रतिष्ठितांच्या संघटना, सगळे एका सुरात सांगत होते की शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा १९५४ चा ब्राऊन निकाल मिसिसिपी मानणार नाही. फार्ली म्हणत, तो निकाल म्हणजे कायदा आहे आणि वकिलांनी कायदा मानायचा असतो. कायदा शिकवणाऱ्या माणसानं एवढंच म्हणायला त्या काळात किती धैर्य लागत असेल! त्यांच्या हाताखाली विल्यम मर्फी नावाचे प्राध्यापक राज्यघटना शिकवत. राज्यांना केंद्राचा कायदा झिडकारायचा हक्क नाही, हे मर्फींनी लेखांमागून लेख लिहून मांडलं. त्यांना काढा म्हणून काही आमदार वर्षानुवर्षं मागे लागले. फार्ली मर्फींच्या पाठीशी उभे राहिले. तरी १९६२ साली मर्फी मिझूरीला निघून गेले.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या रात्री, मेरेडिथच्या प्रवेशावरून, ऑक्सफर्डच्या आवारात दंगल पेटली. पॉल गिहार हा फ्रेंच पत्रकार आणि रे गंटर हा गावातला माणूस, असे दोघं गोळ्या लागून मेले. कोर्टाचे हुकूम बजावणारे दीडशेहून जास्त केंद्रीय मार्शल जखमी झाले आणि हजारोंनी सैन्य आणावं लागलं. कोर्टाचा हुकूम मोडण्यात पुढे असलेले गव्हर्नर रॉस बार्नेट हे याच लॉ स्कूलचे पदवीधर. ही गोष्ट मुलांना सांगायची माझी खास इच्छा होती. एकाच शाळेत शिकून एक माणूस कायद्याच्या बाजूनं उभा राहतो आणि दुसरा त्याच कायद्याचं ज्ञान वापरून तो मोडण्याच्या वाटा शोधतो.

दंगलीनंतरच्या वर्षी फार्लींना डीनपद सोडावं लागलं. ते फ्लोरिडा विद्यापीठात शिकवायला गेले.

१९६३ च्या जूनमध्ये क्लीव्ह मॅकडॉवेल हा लॉ स्कूलचा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी झाला, तोही कोर्टाच्या हुकमानं. काही दिवसांतच, १२ जूनच्या मध्यरात्रीनंतर, जॅक्सनमध्ये स्वतःच्या घराच्या अंगणात मेडगर एव्हर्सला गोळी घालण्यात आली. ज्या शाळेनं त्याला नाकारलं होतं, तिचं दार उघडलं आणि तो गेला. मॅकडॉवेल मेरेडिथबरोबर एका खोलीत राहत होता. ऑगस्टमध्ये मेरेडिथ पदवी घेऊन बाहेर पडला आणि मॅकडॉवेल त्या आवारात एकटा उरला. जिवाच्या भीतीनं तो पिस्तूल बाळगू लागला. सप्टेंबरमध्ये, वर्गाला उशीर झाला म्हणून पायऱ्या चढत असताना ते खिशातून खाली पडलं. त्याला अटक झाली आणि विद्यापीठानं काढून टाकलं. एव्हर्सचा खून होऊन तीन-साडेतीन महिने झाले होते, आवारात दंगल होऊन वर्ष. त्या पायऱ्यांवर उभं राहून मुलांना मी एकच प्रश्न विचारणार होते: तुम्ही डीन असता तर काय केलं असतं?

मॅकडॉवेल थांबला नाही. ह्यूस्टनच्या टेक्सस सदर्न विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन तो मिसिसिपीला परतला आणि वकील झाला.

फार्लींच्या जागी जोशुआ मॉर्स आले. मिसिसिपीचाच माणूस, इथेच वकिली केलेला. डीन होण्याआधी एक वर्ष येल विद्यापीठात काढून आले आणि येताना एक गोष्ट ठरवून आले: हे लॉ स्कूल सबंध मिसिसिपीचं आहे आणि मिसिसिपीत कृष्णवर्णीय राहतात. कोर्टाचा हुकूम यायची वाट न बघता त्यांनी विद्यार्थी शोधले. फोर्ड फाउंडेशनकडून पैसा आणून शिष्यवृत्त्या दिल्या. येलहून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांना शिकवायला बोलावलं. १९६६ च्या मार्चमध्ये रॉबर्ट केनेडी त्याच आवारात भाषणाला आले, ते लॉ स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या निमंत्रणावरून. चार वर्षांपूर्वी ज्यांनी देशाचे ॲटर्नी जनरल म्हणून तिथे मार्शल पाठवले होते, त्यांना त्या दिवशी हजारो लोकांनी शांतपणे ऐकलं आणि टाळ्या दिल्या.

१९६७ साली रूबेन अँडरसन हे या लॉ स्कूलचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर झाले. १९८५ मध्ये मिसिसिपीच्या सुप्रीम कोर्टावर बसलेले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्तीही तेच. १९७० साली कॉन्स्टन्स स्लॉटर ही पदवी मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री झाली. याचं मोल कळायला आणखी एक गोष्ट माहीत हवी. १९६० च्या सुमारास अख्ख्या मिसिसिपीत नागरी हक्कांचे खटले घेणारे कृष्णवर्णीय वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते: जॅक यंग, कार्सी हॉल, आर. जेस ब्राऊन. आणि मिसिसिपी विद्यापीठाच्या लॉ स्कूलमधून जो बाहेर पडेल त्याला परीक्षा न देता वकिलीची सनद मिळे. बाकीच्यांना परीक्षा. म्हणजे राज्यातल्या बार, विधिमंडळ आणि न्यायासनाकडे जाणारा सगळ्यात सोपा रस्ता एका इमारतीतून जात होता आणि त्या इमारतीत रंग बघून घेत होते.

मॉर्सनाही फार काळ टिकू दिलं नाही. मायकेल ट्रिस्टर आणि जॉर्ज स्ट्रिकलर हे त्यांचे दोन तरुण प्राध्यापक उरलेल्या वेळात गरिबांना मोफत कायदेशीर मदत करत. त्या कामातून शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धचा दावा उभा राहिल्यावर विद्यापीठानं त्यांना सांगितलं: ते काम सोडा, नाहीतर इथली नोकरी. बाकीचे प्राध्यापक बाहेर खासगी वकिली करत होते, त्यांना कुणी काही म्हणत नव्हतं. १९६९ साली अपील कोर्टानं हा भेदभाव असल्याचं सांगून दोघांच्या बाजूनं निकाल दिला. त्याच वर्षी मॉर्स मिसिसिपी सोडून टॅलाहासीला, फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या लॉ स्कूलचे डीन म्हणून गेले. ट्रिस्टर आणि स्ट्रिकलर ज्या कामासाठी अडचणीत आले, तेच काम आज मी त्याच परिसरात करते, आणि त्याबद्दल कुणी मला घालवू शकत नाही.

माझ्या मते या दोघा डीनमध्ये मॉर्स मोठे. फार्लींनी चूक ती चूक म्हटलं आणि आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडलं नाही, त्याबद्दल त्यांना माझा नमस्कार आहे. पण त्यांच्या सतरा वर्षांत त्या वर्गात बसलेला एकमेव कृष्णवर्णीय विद्यार्थी कोर्टानं बसवला. मॉर्सनी स्वतः दार उघडलं. संस्था चालवणाऱ्यांनी, मंडळं चालवणाऱ्यांनीसुद्धा, हा फरक नीट पाहावा असं मला वाटतं.

एवढा तो तास. यात कुठल्या पक्षाला मत द्या असं नाही. इथे लिहिलेलं सगळं कोर्टाच्या निकालांत आणि विद्यापीठाच्या दप्तरात नोंदलेलं आहे. ऑक्सफर्डच्या आवारात मेरेडिथचा पुतळा विद्यापीठानंच २००६ साली उभारला. जे विद्यापीठ स्वतःच्या आवारात सांगायला लाजत नाही, ते आपल्या शिबिरात सांगायला राजकीय ठरतं, हे मला पटवून द्यावं.

आता तिसरी गोष्ट, आणि तीच मला सगळ्यात जास्त टोचते. 'तुमच्या जागा.'

मॅकडॉवेलनं पदवी घेतली ते टेक्सस सदर्नचं लॉ स्कूल कशासाठी निघालं होतं, हे त्या सल्लागारांनी वाचावं. १९४६ च्या फेब्रुवारीत ह्यूस्टनचा पोस्टमन हेमन स्वेट यानं ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात कायदा शिकण्यासाठी अर्ज केला. पात्रतेत काही कमी नव्हतं, फक्त रंग आडवा आला. कोर्टानं सरकारला सोय करायला सांगितल्यावर १९४७ मध्ये ऑस्टिनमध्येच एका इमारतीच्या तळघरात घाईघाईनं 'निग्रोंचं लॉ स्कूल' थाटलं गेलं. वेगळे प्राध्यापक नाहीत, धड ग्रंथालय नाही. त्याचे डीन कोण? टेक्सस विद्यापीठाच्या लॉ स्कूलचेच डीन, चार्ल्स मॅककॉर्मिक. पुराव्याच्या कायद्यातले गाढे विद्वान, दोन्हीकडचे डीन. स्वेट त्या तळघरात गेला नाही. पुढे ते स्कूल ह्यूस्टनला नव्या विद्यापीठात हलवलं. खटला सुप्रीम कोर्टात पोचेपर्यंत आकडे असे होते: ऑस्टिनला १६ पूर्णवेळ प्राध्यापक, ८५० विद्यार्थी, ६५,००० पुस्तकं, तिकडे ५ प्राध्यापक, २३ विद्यार्थी, १६,५०० पुस्तकं.

५ जून १९५० च्या निकालात कोर्टानं हे आकडे मांडले, आणि पुढे जे म्हटलं ते त्याहून महत्त्वाचं. प्राध्यापकांचा लौकिक, माजी विद्यार्थ्यांचं वजन, संस्थेची परंपरा या गोष्टी मोजता येत नाहीत, पण लॉ स्कूलचं मोठेपण त्यांच्यातच असतं. आणि ज्या शाळेत राज्यातले ८५ टक्के लोक नाहीत, उद्या ज्यांच्यासमोर उभं राहायचं ते बहुतेक वकील, साक्षीदार, ज्युरी आणि न्यायाधीश नाहीत, तिथलं शिक्षण बरोबरीचं कसं म्हणायचं? स्वेटला प्रवेश मिळाला. पण तोवर चार वर्षांहून जास्त काळ गेला होता. पहिल्याच सत्रात आवारात क्रूस जाळून त्याला धमकावण्यात आलं. तब्येत ढासळली, संसार मोडला, आणि १९५२ मध्ये त्याला पदवी न घेता बाहेर पडावं लागलं. आज ऑस्टिनच्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीला त्याचं नाव आहे.

त्या आधी लॉइड गेन्स नावाच्या विद्यार्थ्यानं १९३८ साली मिझूरीच्या लॉ स्कूलविरुद्ध सुप्रीम कोर्टात खटला जिंकला होता. पुढच्या मार्चमध्ये तो शिकागोत राहत्या जागेतून बाहेर पडला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही.

ज्या देशात शंभर वर्षं जागा जन्मावरून राखून ठेवल्या गेल्या, तिथे कृष्णवर्णीय मुलगा आपली जागा घेतो असं पंधरा वर्षांच्या मराठी मुलीला शिकवणं खोटं आहे आणि वाईट आहे. २०२३ च्या निकालाबद्दल माझं मत एक असेल, आपलं दुसरं. त्यावर वाद होऊ द्या, तोही मुलांसमोर होऊ द्या. पण वाद घालायला आधी झालं काय ते माहीत लागतं. आपण मुलांना निष्कर्ष दिला आणि हकिगत काढून घेतली.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. आपलं मंडळ १४ एप्रिलचा कार्यक्रम मनापासून करतं आणि त्यात मीही असते. १ जून १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. त्याच महिन्यात बाल्टिमोरच्या कोर्टानं मेरीलँड विद्यापीठाला हुकूम दिला की डोनाल्ड मरे या कृष्णवर्णीय तरुणाला लॉ स्कूलमध्ये घ्या. मरेच्या बाजूनं उभे होते चार्ल्स ह्यूस्टन, ज्यांनी हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचं लॉ स्कूल घडवलं, आणि त्यांचा विद्यार्थी थर्गूड मार्शल, ज्याला मेरीलँडच्या त्याच शाळेचं दार बंद असल्यामुळे हॉवर्डला जावं लागलं होतं. शाळेत ज्याला पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही, तो माणूस मुंबईत लॉ कॉलेजचा प्रमुख होत होता आणि अमेरिकेत एक मुलगा लॉ स्कूलच्या वर्गात शिरण्यासाठी भांडत होता. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती मागवली होती. अस्पृश्यांसाठीही तशी वाट चोखाळता येईल का, याचा ते विचार करत होते. त्यांना हा संबंध इतका स्पष्ट दिसत होता की त्यांनी स्वतःहून पत्र धाडलं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

काढलेला तास आणि ऑक्सफर्डची सहल याच शिबिरात परत ठेवा. वक्ता म्हणून मी नको असेन तर मी बाजूला होते. मिसिसिपीत हा विषय माझ्याहून चांगला सांगणारे कृष्णवर्णीय वकील आणि शिक्षक आहेत. त्यांना सन्मानानं बोलवा, प्रवासखर्च द्या, आणि पालकांनाही वर्गात बसू द्या.

कॉलेज प्रवेशाच्या वर्गात कुठल्याही समाजाच्या मुलांनी आपल्या जागा घेतल्या, अशी भाषा वापरली जाणार नाही, असं लेखी आश्वासन त्या सल्लागारांकडून घ्या. ते देणार नसतील तर दुसरा सल्लागार बघा. गेल्या वर्षी जी मुलं त्या वर्गात होती, त्यांच्या पालकांना कार्यकारिणीनं पत्र पाठवून ते विधान मंडळाचं नाही, हे कळवावं.

मराठी शाळेच्या वरच्या वर्गांना १९६५ चा स्थलांतराचा कायदा आणि त्यामागची नागरी हक्कांची चळवळ निदान दोन रविवार शिकवा. पाठ मराठीत मी लिहून देते, शिक्षकांनी तपासावा, हवा तिथे बदलावा. त्याचं मानधन नको.

आणि कार्यक्रमपत्रिकेतून एखादा विषय वगळायचा असेल तर तो कुणी, कोणत्या सभेत, कोणत्या कारणानं वगळला, हे इतिवृत्तात नोंदवून सभासदांना दाखवा. या वेळी ती नोंद कुठेच सापडत नाही.

हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा म्हणून मी रीतसर अर्ज सचिवांकडे दिला आहे. अनुमोदनाला इतर सभासदांच्या सह्या जोडल्या आहेत. त्यात सत्तरच्या दशकात इथे आलेले ज्येष्ठ आहेत आणि ज्यांच्यासाठी हे शिबिर भरतं त्यातली कॉलेजात गेलेली मुलंही आहेत. शिबिराची नावनोंदणी बंद व्हायच्या आत कार्यकारिणीनं उत्तर द्यावं, म्हणजे पालकांना निर्णय घेता येईल. इतर मंडळांतल्या ज्या कुणाला हा तास आपल्याकडे ठेवायचा असेल, त्यांना माझी टिपणं आणि नकाशे मागितले की लगेच मिळतील.

कळावे,

आपली नम्र,
मंडळाची एक आजीव सभासद
मेम्फिस